चित्र हलण्याआधी काय विचारलंत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी माध्यमिक शाळेत बरीच वर्षं गणित शिकवते. शाळेत संगणक कक्ष झाल्यापासून गणिताच्या तासालाही सॉफ्टवेअर वापरा, असा आग्रह सुरू झालाय. माझा एक तरुण सहकारी मुलांकडून समीकरणांचे आलेख काढून घेतो आणि त्यांतून फुलपाखरं, चेहरे, घरं तयार करवतो. मीही एका तुकडीला तोच प्रकल्प दिला. चित्रं सुंदर आली, भिंतीवर लागली, सगळ्यांनी कौतुक केलं. नंतरच्या चाचणीत मात्र अन्वस्ताचा शिरोबिंदू, म्हणजे य = क्ष² सारख्या वाटीच्या आकाराच्या वक्राचा सगळ्यात खालचा किंवा वरचा बिंदू विचारला, तर निम्म्या वर्गाला सांगता आला नाही. पालक विचारतात, हा खेळ किती दिवस चालणार? अभ्यासक्रम मागे पडतोय. सॉफ्टवेअरची बटणं मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, त्यामुळे वर्गात अवघडल्यासारखं होतं. आणि वर्गातली सगळ्यात चांगली सिद्धता लिहिणारी मुलगी म्हणते, 'बाई, मला वहीतच करू द्या ना.' मी जुन्यालाच चिकटून बसणारी नाही. पण सर्जनशीलतेच्या नावाखाली गणित बाजूला पडतंय का? हे सगळं सोडून द्यावं का?"

बाई, चाचणीचे पेपर बघून तुम्ही अस्वस्थ झालात, हे मला फार मोलाचं वाटतं. कौतुक झाल्यावर तिथेच थांबणं सोपं होतं. तुम्ही चित्रामागे गणित उरलंय का, हे तपासायला गेलात. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: सोडू नका. पण आत्ता चाललंय तसंही चालवू नका.

सर्जनशीलतेला वेळ दिला की गणिताचा वेळ कमी होणार, असं तुमच्या पत्रात कुठेतरी धरून चाललेलं दिसतं. त्या चित्रांच्या प्रकल्पाकडेच जरा जवळून बघू या. समजा, मुलांना चेहऱ्यावर हसरे ओठ काढायचेत. ओठांची टोकं (−२, ०) आणि (२, ०) या बिंदूंवर हवीत, आणि मधला सगळ्यात खालचा बिंदू (०, −१) वर. एक मुलगा डेसमॉस या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये य = म × क्ष² + क असं लिहितो. म आणि क साठी दोन स्लायडर, म्हणजे सरकवून किंमत बदलायच्या पट्ट्या, समोर येतात. तो ते मागेपुढे सरकवत राहतो आणि म ०.२४ च्या आसपास आला की 'बसलं!' म्हणून पुढे जातो. शेजारची मुलगी म्हणते, दोन्ही टोकांना किंमत शून्य हवी, म्हणजे य = म(क्ष − २)(क्ष + २). क्ष शून्य ठेवला की उरतं −४म. ते −१ व्हायला हवं, म्हणून म = १/४. दोघांच्या पडद्यावरचे ओठ डोळ्यांना अगदी सारखे दिसतात. भिंतीवरही शेजारी शेजारी लागतात. गणित मात्र एकीनंच केलेलं असतं.

म्हणजे सॉफ्टवेअरनं गणित पळवून नेलं नाही. दिलेल्या कामातच गणित न करता पार पडायची एक पळवाट राहिली होती. ती बुजवायची, की त्याच चित्रातून शिरोबिंदू आपोआप पुढे येतो.

ती बुजवायला मुलांवर थोडी बंधनं घाला. 'काहीही काढा' असं सांगितलं की मुलं पन्नास तुकडे जोडून चित्र पुरं करतात. 'फक्त दहा समीकरणं' म्हटलं की डोकं चालवावं लागतं. फुलपाखराचा उजवा पंख काढा, डावा पंख मात्र नव्यानं काढायचा नाही. क्ष च्या जागी −क्ष लिहून तो मिळवायचा. पंखाची सरळ कड अन्वस्ताला नुसती टेकली पाहिजे, छेदता कामा नये. ही शेवटची अट साधी वाटते, पण ती पुरी करायला रेषेचं आणि अन्वस्ताचं समीकरण एकत्र करावं लागतं, वर्गसमीकरण तयार होतं आणि त्याचा विवेचक (मुळं किती, हे सांगणारी राशी) शून्य ठेवावा लागतो. नुसतं सरकवून जवळपास जुळवलेली रेष झूम करून बघितली की उघडी पडते: एक तर कुठेच टेकलेली नसते, नाही तर दोन ठिकाणी छेदत असते. मुलांना हे तुम्ही सांगायची गरज नाही. शेजाऱ्याच्या चित्रात झूम करायला सांगा, ती आपणहून एकमेकांच्या चुका पकडतील.

स्लायडरला माझा विरोध नाही. एखादा गुणांक बदलला की वक्राचं काय होतं, हे समजायला त्याच्याइतकं सोयीचं साधन नाही. फक्त अंतिम चित्रातल्या प्रत्येक संख्येपुढे ती कुठून आली याची एक ओळ वहीत हवी. 'सरकवून बघितलं' हे कारण चालणार नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवा.

आता शिरोबिंदूकडे येऊ. तुमचा सगळा घोळ तिथे झालाय, आणि माझ्या मते साधन वापरण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्टही तिथेच आहे. वर्गात य = क्ष² चा आलेख लावा. पुढे काहीही करण्याआधी विचारा: हा आलेख ३ एकक उजवीकडे न्यायचाय, तर क्ष च्या जागी क्ष + ३ लिहायचं की क्ष − ३? प्रत्येकानं आपलं उत्तर वहीत लिहायचं आणि खोडायचं नाही. बहुतेक मुलं क्ष + ३ लिहितील, कारण उजवीकडे म्हणजे अधिक, हे संख्यारेषेनं त्यांना शिकवलेलं असतं. मग ते समीकरण टाइप करा. वक्र डावीकडे जातो. त्या क्षणी वर्गात जी गडबड होते, ती वाया जाऊ देऊ नका. लगेच उत्तर सांगू नका. विचारा, कंसाचा वर्ग सगळ्यात लहान कधी होतो? कंस शून्य झाला की. मग (क्ष + ३) हा कंस शून्य कधी होतो? क्ष = −३ असताना. इथे शिरोबिंदू म्हणजे काय, हे मुलाला कळतं, आणि ते पाठ करावं लागत नाही.

हेच उलट्या क्रमानं करून बघा. आधी स्लायडर हलवला, वक्र सरकताना मुलांनी बघितला, माना डोलावल्या. कुणाचा काही अंदाज नव्हता, म्हणून कुणाचा चुकलाही नाही. डोळ्यांसमोरून सगळं गेलं, आत काही राहिलं नाही. तुमच्या तुकडीत असंच झालं असावं, अशी मला दाट शंका आहे. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, चित्र हलण्याआधी अंदाज आणि हलल्यानंतर कारण, हा क्रम मोडू देऊ नका.

भूमितीत तर या साधनांना खरा बहर येतो. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांना चौरस काढायला सांगा. काही जण चार बिंदू अंदाजानं ठेवतात, जोडतात, आणि दिसतो तो चौरसच. आता म्हणा, एक शिरोबिंदू धरून ओढा. आकृती वेडीवाकडी होते. तो चौरस नव्हताच, चौरसासारखा दिसणारा चौकोन होता. मग ज्या मुलानं एक बाजू घेतली, तिच्या दोन्ही टोकांना लंब काढले, तेवढ्याच त्रिज्येच्या वर्तुळानं लंबावर लांबी मोजून घेतली, त्याची आकृती कशीही ओढा, फिरते, लहानमोठी होते, पण चौरसच राहते. दिसणं आणि असणं यांतला फरक मूल स्वतःच्या हातानं अनुभवतं. चौरसाची व्याख्या त्याला वापरावी लागते, नाही तर आकृती टिकत नाही. फळ्यावर आपण कितीही नीट शिकवलं तरी फळ्यावरची आकृती ओढून बघता येत नाही. म्हणून या एका गोष्टीसाठी तरी संगणक कक्षाची वाट धरावी, असं मला मनापासून वाटतं.

यात नवं खूळ म्हणावं असं फारसं काही नाही, हे पालकांना सांगायला हरकत नाही. जिच्यात पुढे मुलं पडद्यावरच्या कासवाला 'पुढे जा, वळ' अशा सूचना देत आकृत्या काढू लागली, ती लोगो ही संगणकाची भाषा १९६७ ची. सिमोर पॅपर्ट, वॉली फर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती केली. पॅपर्ट स्वतः गणिती होते. जिओजेब्राची सुरुवात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना केली, आणि तीही शाळेतलं गणित डोळ्यांसमोर ठेवून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेली स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषाही याच कुळातली.

ते कासव अजूनही कामाचं आहे. स्क्रॅचमध्ये किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ते मिळतं. मुलांना समभुज त्रिकोण काढायला सांगितला की जवळजवळ सगळी मुलं लिहितात: १०० पावलं पुढे, ६० अंश वळ, असं तीनदा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण कासव निघाल्या जागी परत येतच नाही, अर्धा षटकोन काढून थांबतं. मुलं आधी संगणकाला दोष देतात. त्यांना जागेवरून उठवा आणि जमिनीवर तसं चालून बघायला लावा. वळायचा कोन आतला नसतो, बाहेरचा असतो, हे चालताना पायांना कळतं. १२० लिहिलं की त्रिकोण मिटतो. पुढे बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश का, हे वेगळं शिकवावं लागत नाही: कासव घरी परत येऊन पहिल्याच दिशेला तोंड करून उभं राहिलं, म्हणजे एक पूर्ण फेरा झाला. एखादं मूल १४४ अंश टाकतं आणि पाच टोकांची चांदणी निघते. पाच वेळा १४४ म्हणजे ७२०, दोन फेरे. इथे तुमचा तास संपत आलेला असेल, तरी थोडं थांबा. 'सात टोकांची चांदणी किती प्रकारांनी काढता येईल?' हा प्रश्न टाकून सुटी करा.

तुमच्या मनातली आणखी एक भीती पत्रात सरळ लिहिलेली नाही, पण ओळींच्या मधून दिसते. पडद्यावर सगळं खरं दिसलं की मुलांना सिद्धता कशाला हवी? ही भीती रास्त आहे. कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमानं जोडले की आत समांतरभुज चौकोन तयार होतो. व्हॅरिन्योन या फ्रेंच गणितज्ञाचं हे प्रमेय त्याच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये प्रसिद्ध झालं. जिओजेब्रात ते करून बाहेरचा चौकोन कसाही ओढला तरी आतला समांतरभुजच राहतो. मुलं म्हणतात, बघितलं ना, झालं सिद्ध. तेव्हा त्यांना स्प्रेडशीटकडे न्या. शून्यापासून पुढची एकेक पूर्ण संख्या घ्यायची, तिच्या वर्गात ती संख्या आणि ४१ मिळवायचे. ४१, ४३, ४७, ५३, ६१... सगळ्या मूळ संख्या. दहा ओळी बघा, वीस बघा, तीस बघा, मूळच. ३९ पर्यंत हे चालतं. ४० घेतल्यावर येतात १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. चाळीस उदाहरणं बरोबर निघूनही विधान खोटं असू शकतं, हे ज्या मुलानं स्वतः ओळी खाली ओढत बघितलंय, त्याला 'सिद्धता का हवी' हे व्याख्यान द्यावं लागत नाही. मग व्हॅरिन्योनकडे परत या आणि विचारा: असं का होतं? एक कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात आणि दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचं प्रमेय लागू पडतं. आतल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या. दोन ओळींची सिद्धता, पण आता ती त्यांना हवी असते.

पडद्यावर विश्वास ठेवू नये, हेही याच निमित्तानं शिकवता येतं. (क्ष² − १) भागिले (क्ष − १) चा आलेख काढला तर अखंड सरळ रेष दिसते, क्ष = १ ला शून्यानं भागाकार होत नाही म्हणून तिथे पडलेलं भोक दिसत नाही. कोन पूर्ण अंशांत दाखवायला सांगितले तर ५९.४, ६०.३ आणि ६०.३ अंशांचे कोन ५९, ६०, ६० असे दिसतात आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १७९ भरते. अशी चूक दिसली की लपवू नका, तिच्यावर पाच मिनिटं खर्च करा.

बटणांबद्दल. मुलांना ती जास्त माहीत आहेत, तर असू द्यात. कोणतं बटण कुठे आहे हे त्यांनी सांगावं. ते दाबल्यावर काय होणार आणि का, हे विचारायचं काम तुमचं, आणि त्यात तुमची इतकी वर्षं कामी येतात. मूल कुठे चुकणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. क्ष + ३ ची चूक ओळखून त्याभोवती तास बांधणं कुठल्याही सॉफ्टवेअरला किंवा नवख्या शिक्षकाला तुमच्याइतकं जमणार नाही. एखाद्या संध्याकाळी घरी बसून एकच रचना करून बघा: त्रिकोण, त्याच्या बाजूंचे लंबदुभाजक, परिवर्तुळ. एक शिरोबिंदू ओढा आणि परिकेंद्र कुठे जातं ते बघा. लघुकोन त्रिकोणात आत, काटकोन त्रिकोणात बरोबर कर्णाच्या मध्यावर, विशालकोन त्रिकोणात बाहेर. एवढं जमलं की पहिल्या तासाची तयारी झाली. या तासाला प्रत्येकाच्या हातात संगणक लागत नाही, एक संगणक आणि भिंतीवर टाकलेलं चित्र पुरतं. सॉफ्टवेअर पूर्ण शिकून मग वर्गात जायचं ठरवलंत तर कधीच जाणं होणार नाही.

संगणक कक्षात मुलांना जोडीनं बसवा. माऊस एकाच्या हातात, पण तो फक्त जोडीदार सांगेल तेवढंच करणार. दहा मिनिटांनी अदलाबदल. बोलून सांगावं लागलं की 'ते इकडे घे' म्हणून भागत नाही, 'या बिंदूतून त्या रेषेला लंब काढ' असं म्हणावंच लागतं. गणिताची भाषा तोंडी बसायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही. घरी संगणक नसलेली मुलं वर्गात असतील, तर असलं काम घरी करायला देऊ नका. जे करायचं ते शाळेतच.

अभ्यासक्रम मागे पडण्याबद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. सगळ्याच धड्यांना ही साधनं लागत नाहीत. अवयव पाडणं, समीकरणं सोडवण्याचा सराव, सिद्धता नीट मांडून लिहिणं हे वहीतच व्हायला हवं. कंपास आणि पट्टीही सोडू नका. गुण मिळवून पुढच्या पातळीवर जायचे प्रश्नमंजूषेचे खेळ सर्जनशील साधनांत मोजू नका, ते सरावापुरते ठीक. एखाद्या घटकात अंदाज चुकण्याची किंवा आकृती ओढून काही शोधण्याची जागा असेल तरच संगणक कक्षात जा. सहकाऱ्याशीही याच भाषेत बोला. त्याच्याकडे हौस आणि हातोटी आहे, तुमच्याकडे प्रश्न आहेत. दोघांनी मिळून एक प्रकल्प पुन्हा बांधला, तर दोन्ही तुकड्यांचं भलं होईल.

पालकांना चित्र दाखवू नका, वही दाखवा: आधीचा अंदाज, काय दिसलं, आणि का. आणि चाचणी पडद्याशिवायच घ्या, पण प्रश्न बदला. 'शिरोबिंदू काढा' याबरोबर 'य = (क्ष − ५)² + २ हा आलेख ४ एकक डावीकडे आणि १ एकक खाली न्या, नवं समीकरण लिहा आणि कारण सांगा' असाही एक प्रश्न असू द्या. ज्याला कळलंय तो (क्ष − १)² + १ लिहील, कारणासकट.

राहता राहिली ती मुलगी. तिला संगणकावर ओढून बसवू नका. वहीत विचार करणं ही तिची ताकद आहे. पण वर्गातल्या शोधाच्या बाहेरही ठेवू नका. व्हॅरिन्योनच्याच आकृतीत तिला विचारा: आतला समांतरभुज चौकोन आयत कधी होईल? ती बहुधा लिहील, बाहेरचा चौकोन समभुज असेल तेव्हा, आणि ते सिद्धही करेल. मग संगणकावर हात बसलेल्या एखाद्या मुलाला सांगा, हिचं विधान मोडता येतं का बघ. बाहेरचा समभुज नसताना आत आयत आणून दाखव. तो शिरोबिंदू ओढत बसेल आणि थोड्या वेळात पतंगाकृती सापडेल, पुढे त्याहून वेडावाकडा एखादा चौकोन. तिचं विधान खोटं ठरणार नाही, अपुरं ठरेल. तिला ते पुन्हा लिहावं लागेल: बाजूंचा प्रश्नच नाही, कर्ण एकमेकांना लंब असले की पुरे. ते सिद्ध करून झालं की आतला चौकोन समभुज कधी होईल, हे दोघांनी मिळून शोधायचं. या वेळी माऊस तिच्या हातात आणि वही त्याच्या.